विश्लेषण : निसर्गात शिकणे सर्वांनाच पटते, मग भावी बालवाडीताई मुलांना बाहेर का नेत नाहीत?

पावसाची सर नुकतीच ओसरली आहे. अंगणवाडीच्या पायरीवर एक गोगलगाय सरकते आहे आणि चार वर्षांची पाच-सहा मुले तिच्याभोवती उकिडवी बसली आहेत. सराव पाठासाठी आलेल्या प्रशिक्षणार्थी शिक्षिकेच्या टाचणात आजचा विषय आहे ‘प्राण्यांची ओळख’. तिच्या हातात प्राण्यांचा तक्ता आहे. ती मुलांना आत बोलावते, ओळीत बसवते आणि तक्त्यावरची गोगलगाय दाखवते.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण बालवाडीशी संबंध आलेल्या अनेकांना तो ओळखीचा वाटेल. या शिक्षिकेला निसर्ग आवडत नाही, असे नाही. लहान मुलांनी माती-पाण्यात, झाडाझुडपांत खेळले पाहिजे, हे तिला मनापासून पटते. परीक्षेत तसा प्रश्न आला तर ती दोन पाने लिहीलही. तरीही मुले दारात असताना ती त्यांना आत का बोलावते? पटणे आणि करणे यांत हे अंतर का पडते आणि ते कसे कमी करता येईल, याचा हा आढावा.

हा प्रश्न आत्ताच महत्त्वाचा का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे वयाचा ‘पायाभूत स्तर’ शालेय शिक्षणाचा भाग मानला. २०३० पर्यंत प्रत्येक मुलाला दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे, असे उद्दिष्ट ठेवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. पोषण आहाराबरोबर अंगणवाडीत शिक्षणही नीट व्हावे, हा त्यामागचा हेतू.

देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. तेथील सेविका, खासगी बालवाड्यांसाठी मॉन्टेसरी किंवा नर्सरी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करणाऱ्या तरुणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका घेणारे विद्यार्थी, हे सगळे मिळून उद्याचा शिक्षकवर्ग तयार होतो आहे. मुलांच्या दिवसातले तीन-चार तास कसे जाणार, हे त्यांच्या सवयींवर ठरणार आहे. बाहेर जाणे हा शिक्षणाचा भाग आहे, की अभ्यास संपल्यावरची सुट्टी, याचे उत्तर ते प्रशिक्षणाच्या काळातच मनात पक्के करून घेतात.

प्रशिक्षणार्थींना नेमके काय वाटते?

या विषयावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या दुलूथ येथील संशोधक ज्युली अर्न्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१२ मध्ये भावी बालशिक्षकांना बाहेरच्या वेगवेगळ्या जागांची छायाचित्रे दाखवली आणि शिकवण्यासाठी त्या जागा कशा वाटतात, हे विचारले. निसर्गाचा अनुभव मुलांसाठी मोलाचा आहे, यावर दुमत नव्हते. शिकवण्यासाठी मात्र त्यांचा कल कापलेले गवत आणि आखलेल्या वाटा असलेल्या, उद्यानासारख्या राखलेल्या जागांकडे होता. मोकळ्या, रानटी जागांना त्यांची तेवढी पसंती नव्हती.

ज्युलिया टॉर्क्वाटी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात प्रशिक्षणार्थी आणि सेवेतील, अशा दोन्ही गटांतील बालशिक्षकांचा विचार झाला. विषयाचे महत्त्व आणि तो शिकवण्याचा आत्मविश्वास या बाबतींत निसर्ग, पर्यावरण आणि विज्ञान हे भाषेसारख्या विषयांच्या मागे पडलेले दिसले.

अर्न्स्ट यांनीच पुढे, २०१४ मध्ये, प्रत्यक्ष काम करणाऱ्या बालशिक्षकांच्या अडचणी विचारल्या. चालत जाण्याच्या अंतरावर नैसर्गिक जागा नसणे, वेळ नसणे, हवामान आणि सुरक्षिततेची काळजी, अशी उत्तरे मिळाली. मिनेसोटातील हवामान म्हणजे कडाक्याची थंडी. महाराष्ट्रात त्या जागी एप्रिलचे ऊन आणि जुलैचा चिखल ठेवला की यादी जवळपास तीच राहते.

निसर्गाच्या बाजूने मत असणे आणि मुलांना घेऊन निसर्गात उतरण्याची तयारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट बहुतेकांकडे असते. दुसरी पुस्तक वाचून येत नाही.

बाहेर गेल्याने मुलांना काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करायला हवी, त्यातील किमान ६० मिनिटे दमवणारी. बसून पडद्याकडे पाहण्याचा वेळ एक तासापेक्षा जास्त नको. दहा बाय बाराच्या खोलीत २५ मुले असतील, तर हे गणित जमणे अवघड आहे.

डोळ्यांबाबतचा पुरावा अधिक थेट आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला गेला. तीन वर्षांनंतर लांबचे अंधुक दिसण्याचा दोष (मायोपिया) नव्याने जडलेल्या मुलांचे प्रमाण या शाळांत ३०.४ टक्के, तर इतर शाळांत ३९.५ टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले थोडी मोठी होती, पण बाहेरचा उजेड डोळ्यांना हवा असतो, हे त्यातून दिसले.

फिनलंडमध्ये १० पाळणाघरांतील ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांचा अभ्यास झाला. काही अंगणांत जंगलातील जमिनीचा थर, गवताची ढेपळे आणि झाडे लावायचे खोके आणून ठेवले. मुले त्यात रोज खेळली. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील रोगप्रतिकारशक्तीच्या नियमनाशी निगडित घटकांत बदल दिसले. अभ्यास छोटा होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करता येत नाहीत. ‘मातीत खेळू नको’ हे वाक्य मात्र आपोआप तोंडातून निघण्याआधी थोडा विचार करायला हवा, एवढे नक्की.

शिकण्याच्या दृष्टीनेही बाहेरची जागा रिकामी नसते. चिंचोके मोजणे हे अंकज्ञान आहे. पिंपळाचे, आंब्याचे आणि शेवग्याचे पान वेगळे करणे हे वर्गीकरण आहे. मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते, हे पाहून सांगणे म्हणजे भाषा आणि तर्क. ओला, दमट, चिखल, निसरडे, खरखरीत हे शब्द हाताला आणि पायाला एकदा भेटले की वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

मग अडते कुठे?

पहिली अडचण जबाबदारीची. मूल पडले, त्याला काही चावले किंवा ते रस्त्यावर धावले तर उत्तर द्यायचे कोणी? प्रशिक्षणार्थी शिक्षिका त्या संस्थेत पाहुणी असते. तिचा पाठ निरीक्षक पाहत असतात, गुण द्यायचे असतात. अशा वेळी ती धोका पत्करेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरी अडचण वर्गावरील ताब्याची. खोलीला चार भिंती आणि एक दार असते. मुले ओळीत बसली, गप्प राहिली की पाठ चांगला झाला, असे मानले जाते. बाहेर मुले पांगतात. एक फुलपाखरामागे जाते, दुसरे खड्ड्यात काठी घालून बसते. नवख्या शिक्षिकेला हा गोंधळ वाटतो आणि पाहणाऱ्यालाही तसेच वाटेल, ही भीती असते.

तिसरी अडचण पालकांची. मूल घरी आले की आधी वही उघडली जाते. आज काय लिहिले? बाहेर पाऊण तास पाने गोळा केली, याची नोंद वहीत दिसत नाही. कपड्यांवरचा चिखल मात्र लगेच दिसतो. खासगी बालवाडी पालकांच्या फीवर चालते, त्यामुळे त्यांची नाराजी शिक्षिकेपर्यंत लवकर पोहोचते.

चौथी अडचण मनुष्यबळाची. अंगणवाडीत सेविका एक, मदतनीस एक. आहार, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरच्या नोंदी ही कामे त्याच दोघींची. २५ मुले बाहेर न्यायची तर पुढे एक मोठे माणूस हवे आणि मागे एक. मदतनीस दुसऱ्या कामात असेल, तर सेविकेसमोर दार लावून घेण्याशिवाय पर्याय राहत नाही.

पाचवी अडचण कमी बोलली जाते, ती म्हणजे ‘मला नाव माहीत नसेल तर?’ ही भीती. मुलाने हा कोणता किडा, असे विचारले आणि सांगता आले नाही, तर कमीपणा वाटतो. तक्त्यावर सगळ्याची नावे छापलेली असतात. तेथे शिक्षिका कधी चुकत नाही.

यात एक विसंगती आहे. अंगणवाडी सेविका बहुधा त्याच गावातील असतात. पावसाळ्यात टाकळा कुठे उगवतो, कोणते फळ खायचे आणि कोणते नाही, मुंगळा आणि लाल मुंगी यांत कोणापासून दूर राहायचे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. पण प्रशिक्षणात ज्ञान म्हणजे वयोगटांचे तक्ते, विकासाचे टप्पे आणि शैक्षणिक साधनांची यादी. अंगभूत माहितीला तेथे जागा नसेल, तर ती वर्गातही येत नाही. गावाकडच्या मुलांना निसर्गाचे काय शिकवायचे, हा समजही त्यातूनच येतो. मुलाला जे आधीच माहीत आहे, त्याला शाळेत मान मिळणे हाच शिक्षणाचा पहिला धडा असतो, हे त्यात विसरले जाते.

धोका आणि जोखीम यांत फरक काय?

नॉर्वेतील संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळांचे सहा प्रकार मांडले : उंचीवर चढणे, वेगात धावणे, धारदार अवजारे हाताळणे, पाणी-विस्तव यांसारख्या गोष्टींजवळ खेळणे, कुस्तीसारखी मस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणे. मुले असे खेळ स्वतःहून शोधतात आणि आपल्याला किती झेपते, हे त्यातून शिकतात.

म्हणजे सगळे मोकळे सोडायचे, असे नव्हे. बालशिक्षणात धोका आणि जोखीम यांत फरक केला जातो. धोका मुलाला दिसत नाही. तो मोठ्यांनी आधीच दूर करायचा. उघडी विहीर, तुटलेली काच, लोंबकळणारी वीजवाहिनी, रस्त्याकडे उघडणारे फाटक हे धोके. लाल-काळी सुंदर गुंज ही मोजायला छान वाटते, पण तिचे बी विषारी असते, म्हणून तोही धोकाच. जोखीम मुलाला दिसते आणि ते तिचा अंदाज घेऊ शकते. बुटक्या फांदीवर चढावे का, ओल्या दगडावर पाय ठेवावा का, हे ते ठरवते. शिक्षिकेने तेव्हा जवळ उभे राहायचे असते.

महाराष्ट्रात सापांची भीती खरी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांमुळे ग्रामीण भागात मृत्यू होतात. त्यामुळे मुले येण्याआधी जागा फिरून, काठीने गवत आपटून पाहणे, उंच गवत व दगडांचे ढीग टाळणे, पायात चपला-बूट असणे, दंश झालाच तर आवळपट्टी किंवा चिरा न देता मुलाला शांत ठेवून थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणे, या गोष्टी शिक्षिकेला पाठ हव्यात. हे माहीत असलेली शिक्षिका मुलांना बाहेर नेते. माहीत नसलेली दार लावते, आणि त्याबद्दल तिला दोष देता येत नाही.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

अजिबात नाही. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत मॉन्टेसरी पद्धतीवर काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ही पद्धत गरिबांपर्यंत न्यायची तर महागडी साधने परवडणार नाहीत, हे ताराबाईंच्या लक्षात आले. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्यासोबत होत्या. खडे, शिंपले, बिया, पाने, माती ही तेथील साधने झाली.

वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्या कामातून पुढे आले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोहोचला. आज बहुतेक अंगणवाड्या खोलीत भरतात, पण नावात अंगण आहे.

पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखायला जात, त्यामुळे शाळेत येऊ शकत नसत. मग गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरवली गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हटले गेले. निसर्गात शाळा हा तेथे हौसेचा विषय नव्हता. मुले जेथे आहेत आणि त्यांना जे माहीत आहे, तेथून शिकवायला सुरुवात करणे, हा विचार त्यामागे होता. कोसबाडला बालसेविकांचे प्रशिक्षणही होत असे. म्हणजे शिकणारी शिक्षिका आणि शिकणारे मूल एकाच टेकडीवर, एकाच मातीत वावरत होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो आजही प्रशिक्षण केंद्रांच्या भिंतीवर दिसतात. त्यांची पद्धत सराव पाठात किती दिसते, हा प्रश्न आहे.

इतर देश शिक्षकांना कसे तयार करतात?

‘किंडरगार्टन’ या जर्मन शब्दाचा अर्थच मुलांची बाग. १९व्या शतकात फ्रोबेल यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा मुलांना लागवडीसाठी छोटे वाफे देण्याचाही त्यात समावेश होता. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात एला फ्लाटाऊ यांनी जंगलातील बालवाडी सुरू केली. जर्मनीत १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्ग येथील वन-बालवाडीला अधिकृत मान्यता मिळाली. आज तेथे अशा दीड हजारांहून अधिक बालवाड्या आहेत. पाऊस असो की थंडी, मुले बाहेरच असतात. कपडे मात्र हवामानाला साजेसे घालतात.

ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये ब्रिजवॉटर महाविद्यालयातील बालशिक्षणाचे विद्यार्थी आणि शिक्षक डेन्मार्कला गेले. तेथील बालवाड्या पाहून आल्यावर त्यांनी आपल्याकडे ‘फॉरेस्ट स्कूल’ सुरू केले. म्हणजे ब्रिटनमधील या चळवळीची सुरुवात प्रशिक्षणार्थींनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या अनुभवातून झाली. आज तेथे फॉरेस्ट स्कूल चालवण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्याला जागेच्या जोखमीचे लेखी मूल्यमापन करावे लागते, बाहेरच्या परिस्थितीतील प्रथमोपचार शिकावे लागतात आणि मुलांसोबत प्रत्यक्ष सत्रे घेऊन दाखवावी लागतात.

जर्मनीतील जंगल महाराष्ट्रात आणायची गरज नाही. घेण्यासारखी गोष्ट ही की, तेथे शिक्षकाला आधी बाहेर नेले जाते आणि मग मुलांना बाहेर नेण्याची अपेक्षा केली जाते.

आपल्याकडील धोरण काय म्हणते?

धोरणांत बाहेरच्या शिक्षणाला विरोध कुठेच नाही. पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात सभोवतालच्या निसर्गाविषयी मुलांच्या मनात आपुलकी निर्माण होणे, हे एक अभ्यासक्रमीय ध्येयच आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात किमान मापेही दिली आहेत : ३० मुलांसाठी निदान ३५ चौरस मीटरची खोली आणि निदान ३० चौरस मीटर बाहेरची जागा, ३ ते ६ वयोगटात २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती.

हे आकडे समजून घेतले पाहिजेत. ३० चौरस मीटर म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. मुंबईतील वन रूम किचनएवढी जागा. दर मुलामागे एक चौरस मीटर. ही किमान मर्यादा आहे आणि तीही दाट वस्तीतील अनेक बालवाड्यांना परवडत नाही. तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा दुकानाच्या गाळ्यात भरणाऱ्या नर्सरी शहरात जागोजागी दिसतात.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाच्या मार्गाची. शैक्षणिक धोरणानुसार बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका द्यायची आहे. कामात फारसा खंड पडू नये म्हणून हे शिक्षण डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून द्यावे आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असे धोरणात आहे. लाखो सेविकांपर्यंत पोहोचायचे तर हा मार्ग व्यवहार्य आहे. पण मुलांना पडद्यापासून दूर, बाहेर कसे न्यायचे, हे शिक्षिका पडद्यावर पाहून शिकणार असेल, तर महिन्यातला तो एक प्रत्यक्ष वर्ग फार मोलाचा ठरतो. तो वर्गही सभागृहात, खुर्च्यांवर बसून आणि प्रोजेक्टर पाहत झाला, तर ही संधी जाते.

प्रशिक्षणात काय बदलता येईल?

यासाठी मोठा निधी लागत नाही. सराव पाठांपैकी काही पाठ बाहेर घेणे सक्तीचे करता येईल. सक्ती असली की जबाबदारी संस्थेची होते, एकट्या प्रशिक्षणार्थीची राहत नाही. सुरुवात २५ मुलांपासून न करता सहा-सात मुले आणि वीस मिनिटांपासून करता येईल. दोन प्रशिक्षणार्थी एकत्र पाठ घेतील : एक मुलांशी बोलेल, दुसरी मोजणी आणि सुरक्षितता पाहील. नंतर भूमिका बदलतील.

निरीक्षकांच्या गुणपत्रिकेतही बदल लागेल. ‘वर्गनियंत्रण’ या रकान्यात शांततेला गुण असतील, तर बाहेरचा पाठ नेहमीच मागे पडणार. मुलांनी किती प्रश्न विचारले, शिक्षिकेने किती वेळ थांबून ऐकले, मुलाच्या शोधाला तिने पुढे कसे नेले, यालाही गुण हवेत.

प्रशिक्षणार्थींनी स्वतः वर्षभर एकच जागा पाहण्याचा उपक्रम साधा आणि परिणामकारक आहे. एक झाड किंवा कुंपणाचा कोपरा निवडायचा, दर आठवड्याला दहा मिनिटे तेथे बसायचे आणि काय बदलले, ते लिहायचे. जूनमधले कोवळे पान, ऑगस्टमधली बुरशी, ऑक्टोबरमधले कोळ्याचे जाळे. वर्षअखेरीस शिक्षिकेला सगळी नावे येतील असे नाही. पण नाव माहीत नसतानाही पाहता येते, हा विश्वास येतो. मग मुलाने हा कोणता किडा विचारला, की ‘मलाही माहीत नाही, याला पाय किती आहेत ते मोजूया’ असे ती सहज म्हणू शकते.

जागाच नसेल तर?

निसर्ग म्हणजे डोंगर आणि धबधबा, अशी समजूत असली की शहरातील शिक्षिका सुरुवातच करत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी भिंतीच्या फटीतून उगवलेले पिंपळाचे रोप, कुंडीखालचे गांडूळ, खिडकीत येणारी चिमणी आणि डबक्यातले आभाळ पुरेसे असते. इमारतीच्या आवारात झाडाभोवतीचा पार, जवळचे महापालिकेचे उद्यान, शेजारच्या शाळेचे मैदान या जागा वापरता येतात. त्यासाठी परवानगी मागण्याचे काम संस्थेने करायचे असते.

वेळही ठरवता येते. मार्च ते मे महिन्यांत सकाळी नऊच्या आत, सावलीत आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवून. पावसाळ्यात सर थांबल्यावर पंधरा मिनिटे. वीज कडाडत असेल तर नाही. असा साधा नियम दारावर लिहिलेला असेल, तर रोज नव्याने निर्णय घेण्याचे ओझे शिक्षिकेवर राहत नाही.

पालक काय करू शकतात?

प्रवेशाच्या वेळी वातानुकूलित वर्ग आणि स्मार्ट टीव्हीची चौकशी होते. त्याच वेळी आणखी तीन प्रश्न विचारता येतील : मुले दिवसातून किती वेळ बाहेर असतात? कुठे जातात? त्यांच्यासोबत किती मोठी माणसे असतात? हे प्रश्न पुरेशा पालकांनी विचारले, तर संस्था शिक्षिकेला बाहेर जाण्याची मोकळीक देईल, कारण तेव्हा बाहेर जाणे तिच्यासाठी धोक्याचे राहणार नाही. कपड्यांचा एक जुना जोड दप्तरात ठेवणे आणि चिखलाबद्दल तक्रार न करणे, एवढी मदतही तिला पुरते.

सुरुवातीच्या प्रसंगातील प्रशिक्षणार्थी शिक्षिकेने वेगळे काय करायला हवे होते? तक्ता बाजूला ठेवून ती मुलांशेजारी पायरीवर बसली असती, तर टाचणातला विषय तोच राहिला असता. गोगलगाय किती वेळात फरशी ओलांडते, हे मुलांनी टाळ्या मोजून सांगितले असते. शिंगांना बोट लावल्यावर ती आत का जाते, यावर वाद झाला असता. शेवटी तिला झाडाखाली ठेवून सगळ्यांनी साबणाने हात धुतले असते. एवढ्यात गणित, भाषा, विज्ञान आणि स्वच्छता सगळे झाले. पण तसे करण्यासाठी तिला आधी कोणीतरी सांगायला हवे, की पायरीवर बसून घेतलेला पाठही पाठच असतो आणि त्याचेही गुण मिळतात.